लकव्याचा पेशंट दवाखान्यात किती वाजता पोचला? एका साध्या प्रश्नाची दीडशे वर्षं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम मागणार आहे.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या आत्याला लकवा झाला. पहाटे उठून न्हाणीकडे निघाली आणि उंबऱ्यातच खाली बसली. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, शब्द फुटेना. घरच्यांनी आधी तेल चोळलं. मग शेजारच्या गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारा एक जण आहे, त्याच्याकडे नेलं. तिथून एका दवाखान्यात. तिथे सीटी स्कॅन नाही म्हणून पुढच्या मोठ्या रुग्णालयात. तिथे खाट मिळेपर्यंत दुपार टळून गेली होती. संध्याकाळी कुणीतरी मायेने तिला घोटभर चहा पाजला. तिला जोराचा ठसका लागला. चौथ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया. नवव्या दिवशी घरी सोडलं. पुढे दोन महिने अंथरुणावर काढून आत्या गेली.

तिचं डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर शेवटी लिहिलंय, "प्रकृतीत सुधारणा." त्रास कधी सुरू झाला, ती दारात किती वाजता आली, स्कॅन किती वाजता झाला, यातलं काहीही त्यावर नाही.

मी पत्रकार माणूस. माहिती अधिकारात अर्ज टाकला. गेल्या वर्षी लकव्याचे किती रुग्ण आले? त्यातल्या कितीजणांचा स्कॅन तासाभरात झाला? तीन महिन्यांनी किती जिवंत होते? एका ओळीचं उत्तर आलं, अशी माहिती संकलित केली जात नाही.

मला आधी राग आला. नंतर वाटलं, जगात ही माहिती गोळा करायला कुणी, कधी आणि का सुरुवात केली ते तरी बघू. वाचत गेलो तसं कळलं, की हा प्रश्न विचारणाऱ्यांना सगळीकडे आधी असंच उत्तर मिळालंय.

सुरुवात फ्लोरेन्स नाइटिंगेलपासून करू. आपल्याला शाळेत तिचा कंदील तेवढा शिकवला. तिचं खरं हत्यार होतं वही. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात १८५५ च्या फेब्रुवारीत भरती होणाऱ्या शंभरामागे चाळिसाहून जास्त सैनिक मरत होते. गोळ्यांनी कमी, घाणीने आणि साथींनी जास्त. मार्चमध्ये स्वच्छतेची समिती आली, गटारं उपसली गेली आणि उन्हाळ्यापर्यंत मृत्यू झपाट्याने उतरले. परत आल्यावर नाइटिंगेलने हे आकडे रंगीत चक्राकार आकृत्यांमध्ये मांडले. पुढे १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत तिची एक मागणी गेली, की सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात.

पण तिची एक मोठी चूकही सांगायला हवी, कारण ती चूक पुढे आपल्या विषयात येणार आहे. तिने आपल्या पुस्तकात विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाचा एक तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर नव्वद टक्क्यांच्या वर दाखवला होता! म्हणजे शंभर गेले तर दहा परत आले? तसं नव्हतं. भागिले करताना वर्षभरात आलेले सगळे रुग्ण न धरता फक्त एका दिवशी खाटांवर असलेले रुग्ण धरले होते. डॉक्टर मंडळी खवळली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मोजायचं ठरवलं की दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो, नीट मोजतोय का?

दुसरा माणूस अमेरिकेतला. डॉ. अर्नेस्ट कॉडमन, बॉस्टनच्या नावाजलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला सर्जन. त्याचं म्हणणं इतकं साधं, की आज आपल्याला वाटेल यात भांडण्यासारखं काय आहे. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवा. काय झालं होतं, आपण काय केलं, काय चुकलं ते लिहा. आणि एक वर्षाने त्याला परत गाठून विचारा, बाबा रे, तू बरा झालास का? नसेल झाला तर का नाही, ते शोधा. आणि हे सगळं लोकांसमोर ठेवा.

रुग्णालयाने नाही म्हटलं. तिथे बढती मिळायची ती नोकरीच्या वर्षांवर, रुग्ण बरे होण्यावर नाही. १९१४ मध्ये कॉडमनने राजीनामा दिला. त्याआधीच १९११ ला त्याने स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं होतं. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका कबूल केल्या. आपल्याकडे कुणी असं छापेल का, विचार करा. १९१५ च्या जानेवारीत एका सभेत त्याने व्यंगचित्र लावलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतोय आणि शहरातले डॉक्टर ती वेचतायत. सभेत गोंधळ झाला आणि कॉडमनचं अध्यक्षपद गेलं.

तरी त्याचा विचार पूर्ण मेला नाही. अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने रुग्णालयांची तपासणी सुरू केली. शंभर किंवा त्याहून जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं पाहिली, अगदी किमान कसोट्या लावल्या. पास झाली फक्त ८९. नापासांच्या यादीत देशातली मोठमोठी नावं होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात बैठक भरली होती. ही यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून रात्री हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली.

वाचून मी हसलो. आमच्याकडे यादी जाळावी लागत नाही, कारण ती होतच नाही.

कॉडमन १९४० मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. सर्जन मंडळींनी तो बसवला २०१४ मध्ये.

तिसरा माणूस अवेडिस डोनाबेडियन. बैरुतला १९१९ मध्ये जन्मलेला, कत्तलीतून जीव वाचवून आलेल्या आर्मेनियन कुटुंबातला, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक. १९६६ च्या एका लेखात त्याने उपचाराचा दर्जा तपासायला तीन कप्पे सांगितले. पहिला, काय आहे: इमारत, यंत्रं, माणसं. दुसरा, काय केलं: योग्य रुग्णाला योग्य गोष्ट योग्य वेळी मिळाली का. तिसरा, काय झालं: रुग्ण जगला का, चालू लागला का.

हे तीन कप्पे लक्षात ठेवा. आपल्याकडे नेते उद्घाटनाला येतात ते पहिल्या कप्प्याच्या. नवी इमारत, नवं मशीन, नारळ, फीत, फोटो. २०१५ पासून सरकारी दवाखान्यांना 'कायाकल्प'चं बक्षीस मिळतं, ते मुख्यतः स्वच्छतेचं आणि जंतुसंसर्ग रोखण्याचं. चांगलंच आहे ते, नाइटिंगेल खूश झाली असती. पण दुसरा आणि तिसरा कप्पा उघडून बघायला कुणी येत नाही.

आता लकव्याकडे, म्हणजे स्ट्रोककडे येऊ. यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिलं तर जीवच जायचा. त्यामुळे जिवंत माणसाच्या डोक्यात काय झालंय ते कळेपर्यंत डॉक्टरच्या हातात फारसं काही नव्हतं. लकवा म्हणजे नशीब, असं जगभरचे दवाखाने मानायचे.

तरी त्या काळातही एक माणूस मोजत होता. ग्लासगोचे डॉ. जॉन रँकिन. लकव्यानंतर माणूस कितपत स्वतःच्या पायावर उभा राहतो याची त्यांनी १९५७ मध्ये एक साधी पट्टी दिली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. आज ती शून्य ते सहा अशी आहे. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. दोन म्हणजे पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत, पण स्वतःचं स्वतः करतो. तीनला थोडी मदत लागते, पण आधाराच्या माणसाशिवाय चालतो. चारला कुणी धरल्याशिवाय चालता येत नाही. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला. सहा म्हणजे मृत्यू. यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. फोनवर चार प्रश्न विचारून आकडा लिहिता येतो. माझी आत्या घरी आली तेव्हा पाचवर होती. कार्डावर "सुधारणा" होती.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळ विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरचं यंत्र. त्याला १९७९ मध्ये नोबेल मिळालं. आता गुठळी की रक्तस्राव हे कळू लागलं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे होणाऱ्यांचं प्रमाण निदान तीस टक्क्यांनी वाढत होतं. धोकाही होता. औषध दिलेल्या शंभरातल्या साधारण सहाजणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत शंभरात एकालाही धड नाही. पुढे २००८ च्या युरोपातल्या अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. २००६ मध्ये जेफ्री सेव्हर या डॉक्टरने हिशेब मांडला, की मोठा स्ट्रोक चालू असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात.

लकवा नशिबाकडून घड्याळाकडे आला तो असा. आणि घड्याळ आलं की नोंद आलीच. दारात किती वाजता, सुई किती वाजता?

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या रुग्णालयात १९९८ मध्ये दारापासून सुईपर्यंत साधारण १०५ मिनिटं लागत. त्यांनी एकेक मिनिट कुठे जातं ते शोधलं. रुग्णवाहिकेतूनच आधी फोन येऊ लागला. रुग्ण वॉर्डात न नेता त्याच स्ट्रेचरवरून थेट स्कॅनला नेऊ लागले. औषध स्कॅनच्या टेबलावरच सुरू होऊ लागलं. २०११ मध्ये तोच वेळ २० मिनिटांवर आला. यातल्या बहुतेक बदलांना नवीन इमारत लागली नव्हती.

स्वीडनने १९९४ मध्ये 'रिक्स-स्ट्रोक' नावाची राष्ट्रीय नोंदवही उघडली. आज तिथली लकव्याचे रुग्ण घेणारी सगळी रुग्णालयं तिच्यात आहेत. तीन महिन्यांनी रुग्णाला विचारलं जातं, कसं चाललंय? म्हणजे कॉडमनचं कार्डच, ऐंशी वर्षं उशिरा.

ब्रिटनमध्ये १९९८ ला पहिली देशव्यापी तपासणी झाली. एव्हाना एक गोष्ट पक्की सिद्ध झाली होती. लकव्याच्या रुग्णांना एकाच वॉर्डात, शिकलेल्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर यांच्या टीमकडे ठेवलं, तर जास्त रुग्ण जगतात आणि जास्त रुग्ण स्वतःच्या घरी चालत जातात. यात नवीन औषध काहीच नाही. तरी तपासणीत दिसलं, की अशा वॉर्डात बहुतेक मुक्काम काढणारे रुग्ण पाचातला एकही धड नाही. हे आकडे जाहीर होत गेले तशी लाज वाटू लागली आणि वॉर्ड निघू लागले. २०१३ पासून तिथे प्रत्येक रुग्णालयाला लकव्याच्या उपचारासाठी अ ते इ अशी श्रेणी मिळते. कुणीही घरबसल्या बघू शकतो.

लंडनने २०१० मध्ये मोठा निर्णय घेतला. सुमारे तीस रुग्णालयांत विखुरलेले ताजे लकव्याचे रुग्ण आठ केंद्रांत न्यायचे, जवळचं रुग्णालय ओलांडून जावं लागलं तरी चालेल. लोकांनी विरोध केला, आपल्याकडे होतो तसाच. नंतर हिशेब मांडला. बदलानंतरच्या २१ महिन्यांत अपेक्षेपेक्षा सुमारे १६८ मृत्यू कमी. त्याच काळात मँचेस्टरने असाच बदल अर्धवट केला होता. तिथे मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. मोजलं नसतं तर दोन्ही शहरांत सारखाच पेढा वाटला गेला असता.

आता नाइटिंगेलची ती चूक आठवा. अमेरिकेत लकव्याच्या मृत्यूंवरून रुग्णालयांना चांगलं-वाईट ठरवायची पद्धत आली. डॉक्टरांनी विचारलं, आमच्याकडे गंभीरच रुग्ण जास्त येत असतील तर? २०१२ मध्ये हे तपासलं. रुग्ण आला तेव्हा लकवा किती मोठा होता ते हिशेबात धरलं, तर अपेक्षेपेक्षा वाईट ठरलेल्या रुग्णालयांतली निम्म्याहून जास्त प्रत्यक्षात ठीकठाक निघाली. म्हणजे नुसते मेलेले मोजून डॉक्टरच्या माथी मारणं हा अन्याय आहे. उद्या मी आकडे मागताना हे विसरलो, तर मला आठवण करून द्या.

मला सगळ्यात जास्त लागलेला अभ्यास ऑस्ट्रेलियाचा आहे. न्यू साउथ वेल्समधली १९ स्ट्रोक युनिट, २०११. काही युनिटमध्ये सिस्टरना तीन गोष्टी ठरवून करायला शिकवल्या. ताप बघा आणि उतरवा. साखर बघा आणि आटोक्यात ठेवा. आणि तोंडाने काही देण्याआधी रुग्णाला गिळता येतंय का ते तपासा. एवढंच. तीन महिन्यांनी या युनिटमधले ४२ टक्के रुग्ण वारलेले किंवा परावलंबी होते. बाकीच्या युनिटमध्ये ५८ टक्के.

मंडळी, तो चहाचा कप. लकव्यात घसा लुळा पडलेला असू शकतो. चहा पोटात न जाता फुफ्फुसात जातो. आत्याला चहा पाजणाऱ्याला हे माहीत नव्हतं, आणि सांगायला कुणी नव्हतं. मी त्या सिस्टरला दोष देत नाही. तिच्याकडे त्या दिवशी किती खाटा होत्या ते मी पाहिलंय.

आता आपल्याकडे. भारतात मोजलंच गेलं नाही असं नाही. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये शहराच्या एका भागात घराघरांतून लकव्याचे रुग्ण नोंदवले. २८ दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे तीस टक्के निघालं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या अभ्यासकांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले, तो अभ्यास २०१५ मध्ये छापला गेला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे. तिथलं मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण तेच! ना साप, ना मलेरिया. आणि लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के घरीच गेले.

हे वाक्य पुन्हा वाचा. घरीच गेले. म्हणजे कुठल्याही रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये ते मृत्यू नाहीत. आत्याचाही नाही.

आणखी एक. २०१७ मध्ये देशातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरच्यांनाच व्यायाम करून घ्यायला शिकवलं, तर रुग्ण लवकर सुधारतील का? कल्पना आपल्या परिस्थितीला चपखल. निकाल काय, तर सहा महिन्यांनी शिकवलेल्यांत ४७ टक्के वारलेले किंवा परावलंबी, न शिकवलेल्यांतही ४७ टक्केच. निराशाजनक वाटेल, पण मला हा अभ्यास मोलाचा वाटतो. नाहीतर आपण याच योजनेवर दहा वर्षं खर्च केला असता आणि ओझं सुनांच्या आणि लेकींच्या डोक्यावर टाकून मोकळे झालो असतो.

म्हणजे आपल्याकडे मोजता येतं. माणसंही आहेत. गडचिरोलीच्या गावांत होतं, तर आमच्या जिल्ह्याच्या गावी का होऊ नये?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अतिमहाग यंत्र नको, उद्घाटन नको. एक रजिस्टर हवं, पाच रकान्यांचं:

१. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला होता?
२. दारात किती वाजता आला, आणि तेव्हा लकवा किती मोठा होता?
३. सीटी स्कॅन किती वाजता झाला?
४. तोंडाने काही देण्याआधी गिळण्याची तपासणी झाली का?
५. नव्वद दिवसांनी फोन. रँकिनच्या पट्टीवर शून्य ते सहा, कुठे आहे?

सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात लोकप्रतिनिधी असतात, जे तुमच्या लग्नकार्यात जेवायला येतात. त्यांना विचारा, हे रजिस्टर कधी सुरू करणार? मी पुढच्या बैठकीआधी लेखी निवेदन देतोय. सहीला या. डॉक्टर आणि सिस्टर मंडळींनाही विनंती, हे तुमच्या विरोधात नाही. तुमच्याकडे माणसं कमी आहेत हे सिद्ध करायलासुद्धा हेच आकडे लागतील.

आणि आपली बाजूही कबूल करू. पहिला रकाना दवाखाना नाही भरू शकत, तो आपण भरायचा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघा आणि १०८ ला फोन लावा. तेल नको, झाडपाला नको, चहा नको. आमच्या घरात त्या पहाटे घड्याळ कुणीच पाहिलं नाही. आत्या नेमकी किती वाजता खाली बसली, हे आजही आम्हाला सांगता येत नाही.

तुमच्या घरी कुणाला लकवा झाला असेल, तर कमेंटमध्ये एवढंच लिहा: त्रास सुरू झाल्यापासून स्कॅन होईपर्यंत किती तास लागले? रुग्णाचं नाव नको, दवाखान्याचं नाव नको. फक्त तास लिहा.